घरच्या शेळीचं वजन आणि खाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परसात, वाडीत किंवा शेतघरी एक-दोन शेळ्या हौसेनं पाळणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. विक्रीसाठी शेळ्या ठेवणाऱ्यांचं गणित वेगळं असतं. तिथे वजन लवकर वाढवून जनावर बाजारात न्यायचं असतं, आणि खाद्याचे बहुतेक तक्ते त्याच हिशेबानं बनवलेले असतात. घरची शेळी दहा-बारा वर्षं आपल्याजवळ राहणार असते. तिच्यावर फार्मचा तक्ता लावला की ती वर्षभरात जाड होते आणि पुढे तिचे हाल होतात.

आमच्या शेळीचं पोट दोन्ही बाजूंनी सुटल्यासारखं दिसतं. ती जाड झाली आहे का?

पोटावरून शेळीची अंगलट कळत नाही. डाव्या बाजूला मोठी कोठी असते. तिच्यात चारा आंबतो आणि तिथूनच तो रवंथासाठी तोंडात परत येतो. पोटभर पाला खाऊन पाणी प्यालेल्या शेळीची डावी कूस फुगलेली दिसणं चांगलं लक्षण आहे. उलट पाठीचा कणा वर आलेला आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं, अशी शेळी बहुतेक वेळा जाड नसते. तिच्या पोटात जंत असतात किंवा ती नुसता निकस चारा भरून घेत असते. करडांमध्ये हे चित्र फार दिसतं आणि घरचे कौतुकानं म्हणतात, ‘बघा कसं बाळसं धरलंय!’

सकाळी चारा घालायच्या आधी पोट बघा आणि संध्याकाळी पुन्हा बघा. सकाळी डाव्या कुशीत खळगा दिसतो, संध्याकाळी तो भरलेला असतो. हा फरक रोज दिसत असेल तर पोटाची काळजी करू नका. डावी कूस वरच्या बाजूनं, कमरेच्या हाडाशेजारी, ताणून टणक झाली असेल आणि टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर ती पोटफुगी आहे. तिच्यासाठी वाट बघत बसायचं नाही.

मग शेळी जाड आहे की बारीक, हे ओळखायचं कसं?

हातानं. केसांवरून, पोटावरून, चेहऱ्यावरून अंदाज चुकतो. थंडीत केस दाट झाले की वाळलेली शेळीही भरलेली दिसते. तीन जागी हात लावायचा: कंबर, बरगड्या आणि छाती.

आधी कंबर. शेवटच्या बरगडीच्या मागे आणि खुब्याच्या हाडाच्या पुढे जी जागा असते, तिथे पंजा आडवा ठेवा. मधोमध मणक्यांची वर आलेली टोकं लागतील आणि दोन्ही बाजूंना कमरेची आडवी टोकं लागतील. मणका करवतीसारखा टोचत असेल आणि आडव्या टोकांखाली बोटं सहज शिरत असतील, तर शेळी वाळलेली आहे. टोकं जाणवतात, पण गोलसर वाटतात आणि त्यांच्याखाली बोट घालायला थोडा जोर लावावा लागतो, ही चांगली अंगलट. मणका शोधावा लागत असेल आणि आडवी टोकं दाबूनही सापडत नसतील, तर चरबी जास्त झाली आहे.

बरगड्यांसाठी एक सोपी खूण आहे. मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर शेळी बारीक आहे. आता मूठ उघडून पंजा सरळ धरा आणि त्याच्या पाठीवरून, बोटांच्या मुळाशी, हात फिरवा. हाडं कळतात, पण टोचत नाहीत. बरगड्या अशा लागायला हव्यात. तळहाताच्या मांसल भागासारख्या लागल्या तर शेळी जाड आहे.

तिसरी जागा बहुतेक लोक विसरतात आणि माझ्या मते शेळीत तीच सर्वांत बोलकी आहे. पुढच्या दोन पायांच्या मधे, छातीच्या हाडाखाली चरबीची एक गादी असते. ती चिमटीत धरून थोडी हलवता येते. वाळलेल्या शेळीत ती जवळजवळ नसतेच आणि बरगड्या हाडाला जिथे मिळतात ते सांधे थेट बोटाला लागतात. जाड शेळीत ती गादी जाड, घट्ट आणि न हलणारी होते.

छातीला इतकं महत्त्व देण्याचं कारण आहे. शेळी चरबी आधी आत साठवते, आतड्यांच्या पडद्यावर आणि मूत्रपिंडांभोवती. कातडीखाली ती सगळ्यात शेवटी दिसते. म्हणून पाठीवर हाताला चरबी लागू लागली, तर आत ती केव्हाच भरलेली असते.

पशुवैद्यक ‘तीन गुण’, ‘साडेतीन गुण’ म्हणतात, ते काय?

त्याला बॉडी कंडिशन स्कोअर म्हणतात. हाताला जे लागलं त्याला १ ते ५ असे गुण द्यायचे. १ म्हणजे नुसता सांगाडा, ५ म्हणजे मणक्याच्या जागी चरबीची घळ पडलेली. मधे अर्धे गुणही देतात. रोजच्या घरच्या शेळीसाठी अडीच ते साडेतीन ही पट्टी योग्य. गाभण राहण्याआधी तीनच्या आसपास आणि विताना तीन ते साडेतीन असावी. व्यायल्यावर दूध उतरतं तसा अर्धा गुण कमी होणं साहजिक आहे. दोनच्या खाली कोणतीही शेळी जाता कामा नये, चारच्या वर तर नकोच.

पहिल्या वेळी तुमचा आकडा आणि डॉक्टरांचा आकडा जुळेलच असं नाही. त्यानं बिघडत नाही. एकाच माणसानं, दर पंधरा दिवसांनी, त्याच तीन जागी हात लावून वहीत लिहून ठेवलं की चढ-उतार बरोबर कळतो.

घरी वजन कसं करायचं? काटा नाही.

करडू असेल तर पोत्याची झोळी करून लटकत्या काट्याला अडकवा. १५-२० किलोंपर्यंतची शेळी उचलून घेऊन स्वतः घरातल्या वजनकाट्यावर उभं राहा आणि त्यातून आपलं वजन वजा करा. त्याहून मोठ्या शेळीसाठी शिंप्याची टेप पुरते.

शेळी सपाट जागेवर चारही पायांवर सरळ उभी करा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीभोवती टेप गुंडाळा. केस दबतील इतकी घट्ट, कातडी आवळेल इतकी नको. हा झाला छातीचा घेर. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी घ्या. दोन्ही मापं सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी करा आणि आलेल्या आकड्याला १०,८४० नं भागा. उत्तर किलोत येतं. उदाहरणार्थ, घेर ७० आणि लांबी ६२ असेल तर ७० × ७० × ६२ म्हणजे ३,०३,८००. भागल्यावर साधारण २८ किलो.

हा अंदाज आहे. गाभण शेळीत आणि लहान करडांत तो जास्त चुकतो. पण औषधाची मात्रा ठरवायला ‘असेल वीस-पंचवीस किलो’ असं सांगण्यापेक्षा हा आकडा पुष्कळ बरा. माप नेहमी सकाळी, खाण्याआधी घ्या. भरल्या पोटी काट्यावर दोन-तीन किलोंचा फरक सहज पडतो आणि त्यावरून ‘आठवड्यात वजन वाढलं’ असा गैरसमज होतो.

आमच्या शेळीचं वजन किती असायला हवं?

जातीप्रमाणे फरक आहे. पूर्ण वाढलेली उस्मानाबादी मादी साधारण ३० ते ३५ किलोंची असते, संगमनेरी त्याच्याच आसपास. सिंधुदुर्गाकडची कोकण कन्याळ मादीही तिशीतच, तिचा बोकड मात्र बराच थोराड होतो. बंगालकडची ब्लॅक बेंगॉल मुळातच बुटकी, मादी २० किलोंच्या आतबाहेर. परदेशात राहणारे काही जण पिग्मी शेळ्या पाळतात. त्यांचं मूळ पश्चिम आफ्रिकेत आहे आणि खांद्यापाशी त्या जेमतेम ४०-५० सेंटिमीटर भरतात.

गावोगावच्या बहुतेक शेळ्या संकरित असतात. त्यामुळे जातीचा आकडा धरून बसू नका. तुमच्या शेळीचे गुण तीन असताना जे वजन भरलं, तेच तिचं योग्य वजन. ते वहीत लिहून त्याखाली रेघ मारून ठेवा.

दिवसाला किती चारा घालायचा?

शेळीला तिच्या वजनाच्या ३ ते ४ टक्के कोरडा चारा लागतो. कोरडा म्हणजे पाण्याचा अंश काढून मोजलेला. ३० किलोंच्या शेळीला हे साधारण ९०० ग्रॅम ते सव्वा किलो होतं. हिरव्या चाऱ्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, म्हणून व्यवहारात हिशेब असा बसतो: अडीच-तीन किलो हिरवा पाला-गवत आणि त्यासोबत ४०० ग्रॅमच्या आसपास वाळला चारा. वाळल्यात तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट शेळी आवडीनं खाते. कडबा कुट्टी करून घाला, अख्ख्या ताटांतलं ती पानं तेवढी खाते आणि बाकी पायाखाली तुडवते.

दिवसभर मोकळी चरून येणाऱ्या शेळीला यातलं बरंच बाहेर मिळतं. तिच्यापुढे संध्याकाळी मूठभर भुसकट टाकलं तरी चालतं. बांधून ठेवलेल्या शेळीला मात्र सगळं तुम्हीच पुरवायचं असतं, दोन-तीन वेळा वाटून.

एक गोष्ट जरूर करा: चारा जमिनीवर टाकू नका. पाल्याच्या पेंढ्या तिच्या तोंडाच्या उंचीवर बांधून टांगा किंवा गव्हाण उंच करा. शेळी मुळात झाडपाल्याचं जनावर आहे, मान वर करून ओरबाडून खाणं तिला आवडतं. लेंड्या-लघवी लागलेला चारा ती खात नाही. आणि खाल्लाच, तर त्याबरोबर जंत पोटात जातात.

खुराक रोज द्यायलाच हवा का?

गाभण नसलेल्या, दूध न देणाऱ्या, चांगला पाला मिळणाऱ्या मोठ्या शेळीला खुराकाची गरज नाही. घरच्या शेळ्या जाड होण्याचं पहिलं कारण हेच की मालक माया म्हणून सकाळ-संध्याकाळ पेंड, मका, गव्हाचा कोंडा पुढे ठेवतात. तिला हाक मारून जवळ बोलवायला मूठभर भरडा ठेवा, ५० ग्रॅम. त्यापलीकडे माया करायची असेल तर शेवरीची किंवा हादग्याची ताजी फांदी आणून टांगा. ती तितक्याच धावत येते.

खुराक खरोखर लागतो तो तीनच प्रसंगी. वाढत्या करडाला, विण्याआधीच्या शेवटच्या दीड-दोन महिन्यांत आणि दूध देताना. दुभत्या शेळीला दर लिटर दुधामागे ३०० ते ४०० ग्रॅम हा हिशेब ठेवतात. कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. कोठीतल्या सूक्ष्मजीवांना नव्या खाद्याची सवय व्हायला तितका वेळ लागतोच.

उरलेली पोळी, भात, सणाचा नैवेद्य घातला तर काय होतं?

कोरभर पोळीनं काही होत नाही. पण लग्नघरचं उरलेलं, भाताची परात, पुरण, मळलेली कणीक, किंवा शेळीनंच धान्याच्या पोत्यात तोंड घालून पोटभर खाल्लेली ज्वारी-मका, यांनी शेळी दगावते. भरपूर पिष्ट एकदम कोठीत गेलं की तिथे आम्ल साठतं, चारा पचवणारे जीव मरतात आणि ते आम्ल रक्तात उतरतं. काही तासांपासून दीड दिवसापर्यंत केव्हाही लक्षणं दिसतात. शेळी रवंथ सोडते, दात खाते, कूस फुगते, पातळ आंबट वासाची हगवण लागते, चाल अडखळते. लक्षणांची वाट न बघता, धान्य खाल्लं हे कळताच डॉक्टरांना फोन करा. किती खाल्लं आणि केव्हा खाल्लं, हे सांगा. तोवर पुढे फक्त वाळला चारा ठेवा.

एरवी पोटात थोड्या प्रमाणात असलेले आंत्रविषाराचे जिवाणूही अशाच भरगच्च खाण्यानंतर उसळतात. धडधाकट दिसणारं करडू सकाळी मेलेलं सापडतं, ते कित्येकदा यामुळेच. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घेतली पाहिजे.

कोंबड्यांचं खाद्य आणि गाई-म्हशींची युरियायुक्त पेंड हीसुद्धा शेळीच्या तोंडापासून दूर ठेवा. धान्याच्या खोलीला कडी आणि कडीला खिळा, दोन्ही हवेत. नुसती कडी शेळी नाकानं उघडते.

खच्ची केलेला बोकड पाळला आहे. त्याचं खाणं शेळीसारखंच का?

नाही, आणि हा प्रश्न सगळ्यांनी विचारावा असं मला मनापासून वाटतं. हौसेनं पाळलेल्या बोकडांचा सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे मुतखडा. बोकडाची मूत्रनलिका लांब, वळणांची आणि टोकाला अगदी अरुंद असते. फार लहानपणी खच्ची केलं तर ती आणखी अरुंद राहते. धान्य, गव्हाचा कोंडा, पेंड यांत स्फुरद (फॉस्फरस) जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. हे प्रमाण बिघडलं की लघवीत खर तयार होते आणि नलिकेत अडकते. शेळीच्या शरीररचनेमुळे माद्यांना हा त्रास जवळजवळ होत नाही. म्हणूनच ‘शेळीला तेच घालतो, तिला तर काही होत नाही’ हा हिशेब बोकडाच्या जिवावर बेततो.

खाद्यात कॅल्शियम आणि स्फुरद दोनास एक या प्रमाणात हवं. घरी हे मोजत बसायची गरज नाही. मोठ्या खच्ची बोकडाला धान्य-कोंडा बंद करा, मिश्र झाडपाला आणि वाळलं गवत द्या, म्हणजे बहुतेक काम होतं. लसूणघासात कॅल्शियम फार असतं, त्याचेही वेगळ्या प्रकारचे खडे होतात. तो अधूनमधून थोडा द्यावा, रोजचा चारा म्हणून नको. पाणी स्वच्छ आणि सतत पुढे हवं. घाण झालेल्या घमेल्यातलं पाणी बोकड पीत नाही, लघवी दाट होते. थोडं मीठ मिळालं की तो पाणी जास्त पितो. खच्ची करायचं असेल तर किती महिन्यांनी करायचं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, घाई करू नका.

बोकड लघवीसाठी ताठ उभा राहून जोर लावतो, कण्हतो, शेपूट हलवत राहतो, थेंब थेंब किंवा लालसर लघवी होते, लिंगाजवळच्या केसांवर रेतीसारखे कण दिसतात, ही खूण आहे. पुष्कळ लोकांना वाटतं त्याला बद्धकोष्ठ झालंय आणि ते तेल पाजत बसतात. मूत्राशय फुटायला एक-दोन दिवस पुरतात. त्याच तासाला डॉक्टर गाठा.

कोणता पाला चांगला, कोणता नको?

शेवरी, हादगा, शेवगा, तुती, बोर, बाभूळ आणि तिच्या शेंगा, अंजन, उंबर, पिंपळ, फणस हे सगळं शेळीला मानवतं. एकाच झाडाचा पाला रोज घालण्यापेक्षा तीन-चार प्रकार एकत्र घाला. सुबाभूळ पौष्टिक आहे, पण त्यात मायमोसिन नावाचं द्रव्य असतं. हिरव्या चाऱ्यात त्याचा वाटा एक-तृतीयांशाच्या आत ठेवा, नाहीतर केस गळतात.

कण्हेर, धोतरा, एरंड आणि घाणेरी कुंपणाला असतील तर शेळी तिथे पोचणार नाही असं बघा. कण्हेरीची थोडी पानंसुद्धा जीव घेतात. घाणेरीनं यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलवटते. कोवळी ज्वारी, खास करून पावसाच्या ताणानं खुरटलेली किंवा कापून फुटलेली, यांत विषारी द्रव्य असतं. ज्वारी फुलोऱ्यावर आल्याशिवाय हिरवी कापून घालू नका. भुकेल्या शेळीला नव्या रानात सोडू नका. पोट भरलेली शेळी निवडून खाते, उपाशी शेळी समोर येईल ते ओरबाडते.

दोन शेळ्यांना सारखंच घालतो. एक जाड होते, दुसरी वाळते. असं का?

कळपात मानपान असतो, दोघींतही असतो. जी वरचढ ती आधी खाते, मऊ पाला निवडते आणि दुसरीला शिंगानं हटवते. उपाय सोपा आहे: चाऱ्याच्या पेंढ्या शेळ्यांपेक्षा एक जास्त आणि एकमेकींपासून लांब टांगा. खुराक द्यायचाच असेल तर दोघींना वेगवेगळं बांधून द्या आणि संपेपर्यंत थांबा. तरीही दुसरी वाळतच राहिली तर लेंडी तपासून घ्या आणि दात बघा. पण असं होतं म्हणून एकटीच शेळी ठेवू नका हं. एकटी शेळी ओरडत राहते आणि नीट खात नाही.

शेळी फार जाड झाली आहे. उपाशी ठेवू का?

अजिबात नाही. जाड शेळीचं खाणं एकदम तोडलं की साठलेली चरबी भराभर यकृतात येते आणि शेळी आजारी पडते. चारा तसाच ठेवा, खुराक दोन-तीन आठवड्यांत थोडा थोडा करत बंद करा. लसूणघास आणि कोवळा मका यांच्या जागी वाळलं गवत आणि झाडपाला आणा. पेंढ्या एका कोपऱ्यात, पाणी दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा. दगडांचा ढीग किंवा लाकडी ओंडका ठेवा, शेळी दिवसभर त्यावर चढ-उतर करते. एक गुण उतरायला दोन-तीन महिने लागले तर ते योग्यच आहे. खूर वाढले असतील तर ते कापून घ्या, खूर दुखत असतील तर ती चालणारच नाही.

शेळी गाभण असेल तर वजन उतरवायचा विचारही करू नका.

भरपूर खाते, तरी वाळत चालली आहे.

जंत, ही पहिली शंका. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर सर्वांत घातक असतो तो पोटातला रक्त पिणारा जंत, हिमॉन्कस. त्यानं हगवण लागेलच असं नाही, म्हणून तो लक्षात येत नाही. खालची पापणी हळूच ओढून आतला रंग बघा. लालबुंद किंवा गुलाबी असेल तर ठीक, फिकट गुलाबी असेल तर सावध व्हा, पांढुरकी असेल तर रक्त फार कमी झालंय. दक्षिण आफ्रिकेत यासाठी फमाचा नावाचा पाच रंगांचा तक्ता तयार झाला आणि तो आता जगभर वापरतात. जबड्याखाली मऊ, लोंबती सूज दिसली तर तोही याच जंताचा परिणाम असू शकतो.

जंताचं औषध दर महिन्याला सगळ्यांना पाजायची रीत सोडून द्या. त्यानं औषधाला दाद न देणारे जंत तयार होतात. मूठभर ताज्या लेंड्या पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून आणा, कोणता जंत आहे ते कळतं. औषध वजनावर मोजून द्यायचं असतं, कमी मात्रा दिली की जंत मरत नाहीत, उलट तयारीचे होतात. वर दिलेलं टेपचं माप इथे कामाला येतं. गाभण शेळीला, विशेषतः पहिल्या महिन्या-दीड महिन्यात, अल्बेंडाझोल देऊ नका, गर्भाला धोका असतो. गाभण असल्याची नुसती शंका असली तरी डॉक्टरांना सांगा.

जंताच्या अळ्या ओल्या गवताच्या खालच्या चार बोटांत असतात. दव वाळल्यावर चरायला सोडणं आणि झुडपांचा पाला जास्त देणं, याचा औषधाइतकाच उपयोग होतो.

जंत नाहीत, दात ठीक आहेत, भूक चांगली आहे आणि तरी महिनोन्महिने वाळतेय, तर जोन्स रोगासारखा आतड्यांचा जुनाट आजार असू शकतो. मग अंदाजानं औषधं बदलू नका, तपासणी करून घ्या.

गाभण शेळीला दोघांचं खाणं घालावं का?

सुरुवातीचे साडेतीन महिने नाही. शेळी साधारण १५० दिवसांनी विते आणि पिल्लाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा-आठ आठवड्यांत होते. उस्मानाबादीला जुळी होणं सर्रास आहे. पोटातली पिल्लं मोठी झाली की कोठीला जागा कमी पडते, शेळी एका वेळी जास्त खाऊ शकत नाही, आणि गरज तर वाढलेली असते. म्हणून या काळात चारा थोडा पण सकस, दिवसातून चार वेळा, आणि खुराक हळूहळू वाढवत २००-२५० ग्रॅमपर्यंत न्यावा. फार वाळलेली आणि फार जाड, अशा दोन्ही शेळ्या या दिवसांत आजारी पडतात. जुळी-तिळी पोटात असलेली शेळी खाणं सोडून वेगळी उभी राहिली, सुस्त झाली, श्वासाला गोडसर वास येऊ लागला, तर ‘विणार असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

करडाला किती दूध?

जन्मल्यावर तासाभरात चीक. पुढे दिवसाला वजनाच्या साधारण दहा टक्के दूध, तीन-चार वेळा वाटून. दोन-तीन आठवड्यांपासून ते पाला कुरतडू लागतं, त्याच्यापुढे कोवळ्या फांद्या ठेवा. चारा चांगला खाऊ लागलं की तीन महिन्यांच्या सुमारास दूध तोडता येतं. दर आठवड्याला वजन घ्या, दोन आठवडे वाढ थांबली तर काहीतरी बिनसलंय.

पावसाळ्यात खाण्यात काय बदल करायचा?

पहिल्या पावसाचं कोवळं लुसलुशीत गवत शेळीला फार आवडतं आणि त्यानंच पोट फुगतं, लेंड्या पातळ होतात. सोडण्याआधी भुसकट खायला घाला. कापून आणलेलं ओलं गवत काही तास पसरून सुकवा. भुसकटाला बुरशी आली असेल तर ते फेकून द्या, धुऊन घालू नका.

मीठ, क्षार आणि पाणी?

मोठ्या शेळीला दिवसाला ५ ते १० ग्रॅम क्षारमिश्रण पुरतं, किंवा चाटण वीट टांगून ठेवा. मिश्रण शेळीसाठीचं घ्या. मेंढीला तांबं सोसत नाही म्हणून तिच्या मिश्रणात ते घालत नाहीत, शेळीला मात्र ते लागतं. काळ्या उस्मानाबादीचे केस तांबूस, रखरखीत होऊ लागले तर तांब्याच्या कमतरतेची शंका घ्या आणि डॉक्टरांशी बोला. पाणी दिवसाला दोन ते चार लिटर, उन्हाळ्यात आणि वाळल्या चाऱ्यावर त्याहून जास्त.

शेळी म्हातारी झाली, आता वाळते.

शेळीला पुढे फक्त खालच्या जबड्यात आठ दात असतात, वर कडक हिरडी. वय झालं की ते पडतात आणि आतल्या दाढा झिजतात. चावलेला चारा गोळा होऊन तोंडातून पडत असेल किंवा गालात साठत असेल, तर दाढांचा प्रश्न आहे. कुट्टी बारीक करा, पाला देठं काढून घाला, भिजवलेलं मऊ आंबोण थोडं द्या. इथे खुराकाला माझी पूर्ण संमती आहे, खच्ची बोकड मात्र वगळून. तिला तरण्या शेळ्यांपासून वेगळं खाऊ द्या.

डॉक्टरांना कधी लगेच बोलवायचं?

डावी कूस टणक फुगली आहे. धान्य किंवा शिजलेलं अन्न भरपूर खाल्लं आहे. बोकडाला लघवी होत नाही. दिवसभर रवंथ नाही. पापणी पांढरी पडली आहे. गाभण शेळीनं खाणं सोडलं आहे. यांपैकी काहीही असेल तर सकाळपर्यंत थांबू नका. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक आहे, तो गोठ्याच्या दारावर लिहून ठेवा.

फोन करताना शेळीचं वजन, वय, शेवटचं काय आणि केव्हा खाल्लं, लेंड्या कशा आहेत आणि ताप किती आहे, एवढं तयार ठेवा. निरोगी शेळीचं तापमान साधारण १०१.५ ते १०३.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे माणसाच्या मानानं ते आधीच जास्त आहे. पोट फुगलेली शेळी पुढचे पाय उंचावर येतील अशी उभी ठेवा, आडवी पडू देऊ नका. नीट गिळत नसलेल्या शेळीच्या तोंडात बाटलीनं काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं.